ओल्या फडक्यातला मदरबोर्ड

रद्दीत दिवाळी अंक आला की तो काट्यावर जाण्याआधी माझ्याकडे यायचा. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण वाचायचं सुटलं नाही. लग्न होऊन रद्दीवाल्याच्या घरात आले, तिथे वाचायला कधी कमी पडत नाही. त्या अंकांत डॉक्टर लिहायचे, वकील लिहायचे, एखादे निवृत्त फौजदार लिहायचे. आपापल्या कामातले प्रसंग, विचित्र माणसं, फसलेले डाव. मला ते कथा-कवितांपेक्षा आवडायचं. जुने भाग जमवून घरगुती कॉम्प्युटर जोडणाऱ्या बाईने लिहिलेलं मात्र कधी सापडलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे. कोणाला द्यायचं असं ठरवलेलं नाही. यांना कळलं तर हे चार माणसांत वाचून दाखवतील आणि मग मला घराबाहेर पडणं मुश्कील होईल.

मला मोर्शीच्या वैशालीच्या कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे. पण आधी हे काम कसं असतं ते सांगितल्याशिवाय त्यातलं काही कळणार नाही.

लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा आमच्याकडे रद्दी आणि भंगार दोन्ही चालायचं. कुठल्या कचेरीने, शाळेने जुने कॉम्प्युटर लिलावात काढले की हे ते उचलून आणत. भंगारवाल्याला त्यात लोखंड, प्लॅस्टिक आणि तांबं दिसतं. फोडून वेगवेगळं करायचं काम माझ्याकडे. एकदा मी अंगणात हातोडी घेऊन बसले होते आणि बशीरभाई दारात उभे होते. जुने भाग विकत न्यायला ते अधूनमधून येत. त्यांचं जवळच दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. ते माझ्या हातातल्या पेटीकडे बघत म्हणाले, "बेटा, जिंदा है ये. कायको मारून राहिली?"

त्यांनी ती पेटी उघडली, खोडरबराने रॅमची सोनेरी कड घासली, परत बसवली, वायर लावली. पंखा फिरला आणि आतून बारीकसा आवाज आला. टीं. एकदाच. बशीरभाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हातोडी ठेवून द्यावी लागली.

तिथून मी शिकले. कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःची तब्येत स्वतः तपासतो आणि आत छोटा भोंगा असेल तर काय झालं ते आवाजाने सांगतो. एक बारीक आवाज म्हणजे सगळं ठीक. रॅम नीट बसली नसेल तर तो लांबलचक गळा काढतो. काहीच बोलला नाही तर काळजी करायची. पडद्यावरची इंग्रजी मला तेव्हा वाचता येत नव्हती, आजही अडखळतच येते, पण आवाज कळतो. नवीन मशिनीत हा भोंगा देत नाहीत. मी जुन्या पेट्यांतले काढून ठेवते आणि माझ्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक लावते. मुका कॉम्प्युटर मला आवडत नाही. बोलणारे यजमान मिळाल्यामुळे सवय असेल.

पुढे आम्ही अमरावतीला आलो. दुकानाच्या पुढच्या खोलीत हे बसतात, मध्ये पडदा आहे, पडद्यामागे मी. गिऱ्हाइकाशी हे बोलतात आणि मी जोडते. लोकांना वाटतं की कॉम्प्युटर हेच बनवतात, आणि हेही कोणाला नाही म्हणत नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी पडद्यामागेच बरी. उत्तर सुचतं, पण ते भांडी घासताना.

जुन्या पेटीत काय काय निघतं ते बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. पालीची अंडी निघतात, उंदराने नेलेला कापूस निघतो, एकदा लहान मुलाचा दुधाचा दात निघाला, कागदात गुंडाळलेला. मी तो फेकला नाही, ज्यांची पेटी होती त्यांना परत पाठवला. गिऱ्हाइकंही तशीच. एकाला आत लाल-निळे दिवे हवे असतात, बाकी काही चालो न चालो. एक गुरुजी होते, लग्नमुंजी लावणारे, फार मोकळ्या स्वभावाचे. त्यांना पत्रिका करायला कॉम्प्युटर हवा होता. यांनी नेऊन जोडून दिला. गुरुजींनी मुहूर्त पाहून बटण दाबलं, हात जोडले आणि दर्भाने चारी बाजूंनी पाणी शिंपडलं. मागच्या जाळीतून ते आत गेलं. ठो करून आवाज झाला आणि घरातली लाइट गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः पेटी घेऊन आले आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, देवाने नैवेद्य घेतला, पण दक्षिणेत लाइट नेली." वीज पुरवणारा डबा तेवढा जळला होता, तो बदलून दिला. तेव्हापासून यांना बजावून ठेवलं आहे की लोकांना सांगा, पूजा खुशाल करा, पण वायर काढून. वीज खेळत असताना पाणी पडलं तर घात होतो. वीज नसताना पडलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी.

आता वैशालीचं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा उन्हाळा लागला होता. मोर्शीजवळ त्यांचं थोडं भाजीचं शेत, गावात भाजीचा ठेला. नवरा परतवाड्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. वैशालीने कारकुनाच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली होती आणि ती त्यात पास झाली होती. आता टायपिंगची परीक्षा व्हायची होती. ठरलेल्या वेळात ठरलेला मजकूर टाइप झाला तर नोकरी, नाही तर नाही. क्लासमध्ये मशीन पाळीपाळीने मिळायचं, त्यात लाइट गेली की तिची पाळी बुडाली. घरी कॉम्प्युटर असला तर जमेल, असं तिचं म्हणणं होतं. नव्याइतके पैसे नव्हते.

ती पडद्याच्या आत येऊन बसली. बायका आत येतात. बोलताना तिची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती, तिला ठाऊक नसताना. सासूने अट घातली होती. या खेपेला जमलं तर नोकरी, नाही जमलं तर उद्यापासून ठेला. सासूचे गुडघे गेले होते आणि दुसरं कोणी बसणारं नव्हतं.

"ताई, होईन ना तुमच्याच्यानं?" तिने विचारलं. "मले दुसऱ्याले विचाराले टाइम नाही आता."

मी हो म्हटलं. एवढंच म्हटलं, पण माझ्यापुरतं ते पुष्कळ होतं.

यांनी तिला आठवड्याचा वायदा केला आणि दोनच दिवसांत एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं सामान बघायला तेल्हाऱ्याला निघून गेले. मी दुकान अर्धं उघडं ठेवून मागे काम करत होते. तर वैशालीची सासू आली. शेवंताबाई. उंच, वाळलेल्या अंगाची, हातात पिशवी. तिने पडदा बाजूला सारला.

"कम्प्युटरवाला कुठी हाये?"

तेल्हाऱ्याला गेलेत, मी सांगितलं.

"मंग बनवते कोन?"

"मीच."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टेबलावरच्या उघड्या पेटीला पाहिलं. हे आधी कोणाचं होतं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, एका कचेरीतलं आहे, लिलावात घेतलं.

"म्हंजे शिळा माल," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं तिने सांगितलं की आयुष्यात तिने कालचा पालक आजचा म्हणून विकलेला नाही. ठेल्यावर शिळं राहिलं तर ती ते गाईला टाकते. "अन् माया सुनेले तू शिळं देऊन राहिली. तिची एकच परीक्षा हाये, बाई. काहून?"

हे असते तर त्यांनी तिला चहा पाजून गारंटी दिली असती. हे नव्हते. मी भाजीवाल्याच्याच घरची, माझी आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची, आणि शिळा म्हटलं की ते कुठे लागतं ते मला ठाऊक आहे. बहुधा त्यामुळेच त्या दिवशी उत्तर भांड्यांपर्यंत थांबलं नाही.

"मावशी, तुमचा तराजू कोनाचा?"

"सासूचा. तिच्या हातचा हाये."

"थो शिळा नाही झाला?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"भाजी शिळी होते, तराजू नाही होत. याच्यातबी काही भाजी हाये, काही तराजू हाये. तराजू मी जुना घेते. भाजी ताजीच घालते."

शेवंताबाईने पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढलं. "दाव मंग. भाजी कोनती, तराजू कोनता."

मी एकेक भाग तिच्यापुढे ठेवला. लोखंडी पेटी म्हणजे तराजू, गंज काढला की झालं. प्रोसेसर, म्हणजे सगळा हिशेब करणारा तो चौकोनी तुकडा, त्यात हलणारं, झिजणारं काहीच नसतं, तोही तराजू. रॅमची कड घासून घेतली की तीही तराजू. वीज पुरवणारा डबा मात्र भाजी. त्यातले भाग वर्षानुवर्षांच्या गरमीने आतून वाळतात आणि मग एखाद्या दिवशी बाकीच्यांना घेऊन जातात. तो मी नवाच घालते, पैसे कितीही कमी असले तरी. जुनी फिरणारी हार्डडिस्क भाजी, तिच्याजागी लहानशी पण नवी, आत काहीच न फिरणारी एसएसडी. बटणासारखा गोल सेल भाजी. प्रोसेसरवर लावतात तो पांढरा लेप, तोही वाळतो, तोही भाजी.

"अन् हे?" तिने मदरबोर्डाकडे बोट केलं. सगळे भाग ज्या हिरव्या पाटीवर बसतात, ती.

ते अर्धं-अर्धं, मी सांगितलं. पाटी तराजू आहे, पण तिच्यावर ही नळकांड्यांसारखी बारीक डबडी दिसतात ना, कपॅसिटर, त्यांच्या पोटात ओल असते. ती भाजी. शिळी झाली की वरून फुगतात.

तिने पाटी हातात घेतली. मी नेहमी वरून बघते, सगळे वरूनच बघतात. तिने ती डोळ्यांसमोर नेऊन खिडकीच्या उजेडात आडवी धरली आणि एका डोळ्याने कडेने पाहिली. हळूहळू फिरवली. मग पंख्याच्या पोटाखाली सावलीत असलेल्या दोन डबड्यांवर नख ठेवलं.

"हे दोन फुगले."

मी घेऊन पाहिलं. बाकीच्यांची डोकी सपाट होती, त्या दोघांची किंचित वर आलेली. पंखा वर असल्यामुळे ती वरून दिसतच नव्हती.

"वांग्याचं भोक देठाखाली रायते," शेवंताबाई म्हणाली. "वरून पाहून वांगं कोनी घेते का?"

ही पाटी दिवसभर माझ्याकडे चालली होती, कुरकूर न करता. चालली असती अजूनही काही दिवस. पण आमच्याकडचा उन्हाळा असा, त्यात बंद खोली, त्यात मुलगी तासन्‌तास बसणार. परीक्षा तोंडावर आली असताना ती पाटी बंद पडली असती आणि तेव्हा दुसरी शोधायला वेळ उरला नसता. त्या प्रोसेसरला बसेल अशी दुसरी पाटी माझ्या पोत्यात नव्हती. मी यांना फोन लावला. तेल्हाऱ्याला तसलं काही नाही, नुसते गंजलेले प्रिंटर आहेत, असं म्हणाले. आणि म्हणाले, चालते ना, मग देऊन टाक, परीक्षेपर्यंत टिकेल, नंतर बदलून देऊ.

मी नाही म्हटलं. धंद्याच्या बाबतीत यांना मी पहिल्यांदा नाही म्हणत होते. 

डबडी बदलता येतात. पण मदरबोर्डावर डाग देणं, म्हणजे कथलाने जोडणं, हे वायर जोडण्यासारखं नसतं. पाटीच्या आत तांब्याचे थर असतात, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. कथील वितळत नाही म्हणून जास्त वेळ टेकवलं तर पाटीच जळते. हे काम बशीरभाईंचं. मी त्याला कधी हात लावला नव्हता. बशीरभाई दुकान बंद करून अकोल्याला घरी बसले होते. फोन त्यांच्या सुनेने घेतला, अब्बांचे हात कापतात म्हणाली. मागून त्यांचाच आवाज आला, "लेके आ, बोल उसको."

"चाल," शेवंताबाई म्हणाली. "मीबी हावो तुयासंग." मी नको म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरली होती.

मी पाटीतला गोल सेल काढला, पंखा आणि बाकी भाग उतरवून माझ्या पिशवीत टाकले, पाटी कागदात गुंडाळली आणि दुकानाला कुलूप लावलं. बसमध्ये पाटी शेवंताबाईने मांडीवर घेतली, मला देईना. बाहेर झाडाची पानं हलत नव्हती, खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी खाली उतरले तेवढी एकच वेळ ती पाटी माझ्या नजरेआड होती; परत आले तेव्हा ती शेवंताबाईच्या पिशवीत गेली होती.

बशीरभाईंच्या घरी चटईवर बसून तिने पिशवीतून ती बाहेर काढली. कागद नव्हता. तिच्या पदराएवढं एक फडकं होतं, आणि ते ओलं होतं. चिंब. पाटीवरून पाणी चटईवर टपकलं.

"ऊन काय पडून राहिलं," ती म्हणाली. "अकोल्यापर्यंत कोमेजलं असतं थे. म्हनून स्टँडवरच्या नळावर भिजवून घेतलं."

भाजीवाली बाई उन्हाळ्यात दुसरं काय करणार? टोपलीवर ओलं पोतं टाकल्याशिवाय तिने आयुष्यात कधी प्रवास केला नसेल. आणि भाजी-भाजी म्हणून तिला मीच सांगितलं होतं.

बशीरभाई आधी हसले, मग खोकले, मग परत हसले.  मला मात्र टेबलाच्या कडेवर चालणारी वैशालीची बोटं दिसत होती. शेवंताबाईने माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं. ती अगदी हळू म्हणाली, "मेलं का वं?"

बशीरभाईंनी मला विचारलं, "करंट था क्या इसमें?"

नव्हता, मी म्हटलं. सेलसुद्धा काढला आहे.

"फिर रोती कायको? नहाया है बेचारा. छत पे सुखा."

छतावर त्यांच्या सुनेने कुरडया घातल्या होत्या. त्यांच्याच शेजारी, स्वच्छ कापडावर, आम्ही मदरबोर्ड ठेवला. अकोल्याच्या उन्हात हात वाळत घातला तरी वाळेल. शेवंताबाई जिन्याच्या सावलीत बसून राखण करत होती, कावळे हाकलत होती. खालून शेजारीण विचारायला लागली, आजी, हे हिरवं काय वाळत घातलं? "सुनेची नवकरी," शेवंताबाई म्हणाली आणि आणखी काही सांगितलं नाही.

मी मध्ये मध्ये पाटी उलटून फुंकत होते. खाचांत, बारीक भोकांत कुठे ओल राहिली नाही याची खात्री झाल्यावर खाली आणली. बशीरभाईंनी डब्यातून नवी डबडी शोधून काढली, तेवढ्याच ताकदीची. आणि डाग द्यायचं तापत्या टोकाचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

तुम्हीच करा, मी म्हटलं. त्यांनी चहाची बशी उचलून दाखवली. कप तिच्यात खुळखुळत होता.

"हाथ तेरा, नजर मेरी," ते म्हणाले. "चल."

शेवंताबाईने मोबाइलचा उजेड धरला. बशीरभाई शेजारी बसून सांगत गेले. जुनं कथील लवकर वितळत नाही, त्याला आधी थोडं नवं लाव, मग ते एकमेकांना धरून वितळतात. टेकव. थांब. आता ओढ. जोर नको. पहिलं डबडं निघालं तेव्हा माझ्या पाठीवरून घाम धारेने उतरत होता. नवीन बसवताना एक गोष्ट चुकवायची नसते. त्याच्या एका अंगाला पट्टा असतो, तो उलट्या बाजूला गेला तर ते फुटतं. मी त्याचे पाय भोकांत घालणार तेवढ्यात शेवंताबाईने माझं मनगट धरलं. "पट्टा कोनीकडे हाये, पाह्य एकदा." बरोबरच होता. पण मी पुन्हा पाहिला. बशीरभाई तिला म्हणाले, "बाई, पहले मिलती तो तुमको दुकान पे रखता." ती म्हणाली, भाजी कोन इकली असती मग.

दोन्ही बसली. पंखा, प्रोसेसर, भोंगा, रॅम लावली, त्यांच्याकडच्या डब्यातून वीज दिली. पाटीवरच्या दोन टोकांना पेचकस टेकवला की मशीन सुरू होतं, बटण लागत नाही. पंखा फिरला. काही आवाज नाही. बशीरभाईंनी डोळे मिटले होते. शेवंताबाईने उजेड तसाच धरून ठेवला होता, आता त्याची गरज नव्हती तरी.

टीं.

"येवढंच?" तिने विचारलं.

"येवढंच," मी म्हटलं.

निघताना बशीरभाई म्हणाले, आता तुझं तुला येतं, बोर्ड घेऊन माझ्याकडे यायचं नाही. मी ते अक्षरशः पाळलं. पुढची कितीतरी डबडी मी स्वतः बदलली आणि अकोल्याला गेलेच नाही. बोर्ड नको म्हणाले होते, नुसतं भेटायला येऊ नको असं म्हणाले नव्हते. आता ते नाहीत. याची चुटपूट अजून लागते.

वैशालीचा कॉम्प्युटर ठरल्या दिवशी तयार झाला. पडदा, म्हणजे मॉनिटर, एका बंद पडलेल्या नेट कॅफेतला, कोपऱ्यात एक बारीक ठिपका काळा राहायचा. कीबोर्ड मी मुद्दाम चांगला निवडला होता, एका कचेरीत वर्षानुवर्षं वापरलेला, ज्याची बटणं बोट लागताच खाली जात. यांनी सगळा कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याच्या जीपमध्ये चढवून दिला. शेवंताबाईने तो कांदे ठेवायच्या खोलीत मांडला, कारण घरातली सगळ्यात थंड खोली ती. वैशालीचा फोन आला, आवाज दरवेळी एकच येतो ताई, बारीक. मी म्हटलं, बस, तेच ऐकत राहा. पुढे कळलं की शेवंताबाई दुपारी दारात बसून भाजी निवडायची आणि आतली टकटक थांबली की हाक मारायची, लाइट गेली का वं.

परीक्षा झाली. निकालाची बातमी हेच घेऊन आले. पडदा न सारता बाहेरूनच म्हणाले, मोर्शीची राहिली.

मी हातातला पेचकस ठेवला. सगळं पुन्हा मनात उघडून पाहिलं. डबडी, लेप, पंखा, सेल. कुठे अडला असेल, कुठे बंद पडला असेल? यांना विचारलं तर त्यांना एवढंच माहीत होतं की थोडक्यासाठी राहिली. तिला फोन करायचा माझा धीर झाला नाही. ठेल्यावर बसून ती भाव सांगते आहे, असं डोळ्यांसमोर येई आणि मी ते ढकलून काम करत राही.

मग एक दिवस पुढच्या खोलीत शेवंताबाईचा आवाज आला. कॉम्प्युटर परत आणला असणार, मला वाटलं. यांनी बोलायला सुरुवात केली होती, मशीन कंपनीचं असतं तर वगैरे. तिने ते पूर्ण होऊ दिलं नाही. पडदा सारून आत आली. हातात फक्त पिशवी होती.

मी उठून उभी राहिले. "मावशी, मशीन बंद पडलं होतं का?"

"मशीनले काई धाड नाई भरली," ती म्हणाली आणि स्टूलवर बसली. घरी वैशालीचा वेग हवा त्याच्या वर गेला होता. क्लासच्या सरांनीही पाहिला होता. पण परीक्षेच्या ठिकाणी कीबोर्ड नवे होते, बटणं कडक. अर्धी अक्षरं उठलीच नाहीत, मागे जाऊन दुरुस्त करण्यात वेळ गेला. "तुया कीबोर्डची बटनं लोन्यासारकी. पोरीची बोटं लाडावली त्याच्यावर."

मी सांगितलं की माझ्याकडचा सगळ्यात चांगला होता तो. म्हणून दिला.

"चांगलाच देल्ला तू. पन तथी चांगला नसते ना."

 मग मी ठेल्याचं विचारलं, अगदी हळू.

"बसवली व्हती." शेवंताबाई खिडकीकडे बघत म्हणाली. "गिऱ्हाइक म्हने महाग हाये, थे म्हने हो ना. गिऱ्हाइक म्हने कमी कर, थे म्हने बरं. दोन दिस अजून बसली असती तं माहा ठेला इकून खाल्ला असता लोकाइनं." तिने गुडघा चोळला. "मी बसून राहिली ठेल्यावर. बसीन अजून. दुसऱ्या जागा निघाल्या, फारम भरला तिनं. मीच म्हनलं भर."

मग म्हणाली, "कडक बटनाचा कीबोर्ड हाये का तुयाजोळ?"

मी कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि सगळे कीबोर्ड फरशीवर मांडले. कडक बटणांचे कोणी घेत नाही, त्यामुळे साचलेले बरेच होते. ती खाली बसली, गुडघ्याला त्रास होत होता तरी. एकेक घेऊन अंगठ्याने दाबू लागली, कडेची बटणं, मधली बटणं, लांब पट्टी. काही लगेच बाजूला टाकले. दोन-तीन पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. शेवटी एक काळा उचलला, कोपरा तुटलेला, स्वस्तातला, दाबला तर बोटाला उलटा ढकलणारा.

"हा."

मी तो पुसला, लावून पाहिला, सगळी अक्षरं उठत होती. पण खरं ते सांगायला हवं होतं.

"मावशी, रोज बडवला तं परीक्षेपर्यंत हाबी मऊ होइन."

शेवंताबाईने त्याची लांब पट्टी अंगठ्याने पुन्हा एकदा खाली दाबली आणि सोडली.

"मंग दोन दे."